राळेगावची सत्तावीस नक्षत्रे

माझ्या देखरेखीखाली एकशे सोळा संगणक होते आणि त्यांपैकी एकालाही मी कधी हात लावला नाही. कारण हात लावण्याजोगे अंगच त्यांना नव्हते. निवृत्त होऊन आता दोन वर्षे झाली. तरीही कोणी विचारले की, "शास्त्रीजी, तुम्ही नेमके काय करीत होतात?" तर मी हेच वाक्य सांगतो आणि समोरच्याची मुद्रा पाहत बसतो. यात थोडा खोडकरपणा आहे, हे मान्य करतो.

काम असे होते. आमच्या आरोग्य-न्यासाचे मुख्य रुग्णालय यवतमाळला. शाखा कळंब, राळेगाव, घाटंजी आणि महागाव येथे. शाखांमधील टेबलांवर पडदा, कळफलक आणि खिशात मावणाऱ्या पोथीएवढी एक डबी, इतकेच साहित्य असे. त्या डबीत जवळजवळ काही नसते. खरा संगणक यवतमाळच्या थंड खोलीत, चार मोठ्या यंत्रांच्या पोटात असतो. एकेका यंत्रात तीसेक संगणक घडवलेले, प्रत्येकाची स्मृती वेगळी, प्रत्येकाचा धनी वेगळा. राळेगावची परिचारिका कळ दाबते, तो दाब तारेतून यवतमाळला येतो, अक्षर येथे उमटते आणि त्याचे रूप तेवढे राळेगावच्या पडद्यावर दिसते. मूर्ती यवतमाळच्या गाभाऱ्यात आणि गावोगावी दर्शनाची खिडकी, असे मी समजावून सांगत असे. या व्यवस्थेला आभासी डेस्कटॉप म्हणतात. आभासी हा शब्द मला कधी पटला नाही. ज्यावर कोणाच्या रक्ताची नोंद आहे, त्याला आभास कसे म्हणावे? आम्ही आपसांत त्यांना 'देह' म्हणत असू.

मी मुळात पाठशाळेत शिकलेला संस्कृतचा शिक्षक. न्यासाने संगणक घेतले तेव्हा त्यांच्यासोबत आलेले जाडजूड ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्याचा धीर अन्य कोणाला नव्हता. एवढ्याच गुणावर मी या कामात ओढला गेलो. चित्रांवर टिचक्या मारूनही ही कामे होतात. परंतु एकशे सोळा देहांना एकेक करून औषध पाजावे, तसा तो प्रकार होतो. काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली, की चारही गावांतील देह एकाच वेळी स्नान करून ताजे होतात. त्या ओळीला आज्ञा म्हणतात. आज्ञा थोड्या शब्दांची असते, तिच्यात एकही अक्षर वाया जात नाही आणि एकही अक्षर चुकून चालत नाही. मला ती पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली.

आमच्या पाठशाळेत एकट्याने म्हणण्याची रीत नव्हती. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने समोर बसून ऐकायचे आणि चुकले की बोट उचलायचे. म्हणणारा कितीही मुरलेला असो, श्रोत्यावाचून त्याचे म्हणणे पूर्ण झाले असे मानीत नसत. ही रीत मी यंत्रांच्या खोलीत आणली. तेथे दोन खुर्च्या मांडल्या. आज्ञा लिहायची, मोठ्याने वाचायची, समोरच्याने तिचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा आणि मगच शेवटची कळ दाबायची.

समोरच्या खुर्चीत कविता असे. तिचे माहेर महागावजवळच्या तांड्यावर. पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलुखभर फिरलेले. ही अभियांत्रिकी शिकून माझ्या हाताखाली आली आणि वर्षभरात माझ्या बरोबरीची झाली. पहिल्या दिवशी तिने विचारले होते,

"शास्त्रीजी, वाचून कायले दाखवायचं? स्क्रीनवर दिसून राह्यलं न."

"दिसते म्हणूनच. डोळा ओळखीचे तेवढे पाहतो आणि पुढे सरकतो. कान सगळे ऐकतो."

"अन् ऐकता ऐकता मले झोप लागली तं?"

"तर आज्ञा अडून राहील. तुला उठवणार नाही."

ती हसली, पण खुर्ची तिने सोडली नाही. आम्ही दोघांनी मिळून दिलेल्या आज्ञांपैकी एकही चुकीच्या ठिकाणी लागली नाही, हे मी अभिमानाने लिहितो. 'दोघांनी मिळून' हे शब्दही मी मोजूनच लिहिले आहेत.

गिऱ्हाईक म्हणावे अशी माणसे म्हणजे शाखांतील कर्मचारी. कळंबचे केशवराव नोंदणी-खिडकीवर बसत. त्यांची डबी दर दोन महिन्यांनी बंद पडे. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेलो आणि ती उघडली. आत हळदकुंकवाचा थर, दोन अक्षता आणि वाळलेली दूर्वा.

"केशवराव, हे काय?"

"पूजा करतो न जी रोज. पाणी शिंपडतो जरासं."

"यंत्रावर पाणी?"

"आता घ्या! तुमीच तं सांगतलं होतं, गाभारा म्हणून, दर्शन म्हणून. मंग पूजा नाई करायची तं काय कराचं?"

दोष माझ्याच उपमेचा होता. मी थोडा विचार करून म्हटले, "केशवराव, गाभाऱ्यातील मूर्तीला अभिषेक होतो. खिडकीला कोणी घालते का?" त्यांना ते तत्काळ पटले. तेव्हापासून डबी कोरडी राहिली आणि केशवराव यवतमाळला आले की थंड खोलीच्या दाराबाहेर चपला काढून हात जोडू लागले. परतीच्या वाटेवर कळंबच्याच चिंतामणी गणपतीच्या पायऱ्या उतरून मी त्या दिवशी जे दर्शन घेतले, त्यात हसू आवरणे कठीण गेले.

आमचे एक डॉक्टर सोमवारी कळंबला आणि मंगळवारी महागावला बसत. नवी व्यवस्था सुरू झाली त्या आठवड्यात त्यांनी कळंबला एका रुग्णाविषयी वाक्य अर्धे लिहिले आणि तातडीने बोलावणे आल्याने पडदा तसाच टाकून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी महागावला त्यांनी आपले नाव घातले, तो तेच अर्धे वाक्य, त्याच ठिकाणी, लुकलुकत्या रेघेसह त्यांची वाट पाहत होते. त्यांचा दूरध्वनी आला. "शास्त्रीजी, मी एसटीनं आलो, माझं वाक्य माझ्या आधी पोचलं!" त्या दिवशी माझे जेवण दोन घास अधिक झाले.

आता नावांविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढील सारे तेथून घडले.

प्रत्येक देहाला नाव द्यावे लागते. मी कळंबच्या देहांना नद्यांची नावे दिली, घाटंजीला वृक्षांची, महागावला ऋषींची. राळेगावला कर्मचारी बरोबर सत्तावीस निघाले. सत्तावीस! नक्षत्रे आपणहून चालत दारी आली असे मला वाटले. अश्विनीपासून रेवतीपर्यंत सारे नक्षत्रमंडळ मी राळेगावात उतरवले. कविता म्हणाली होती, "राळे-एक, राळे-दोन असं ठेवा न जी. सोपं पडते." मी तिला सांगितले की क्रमांक दिलेल्या वस्तूची कोणी काळजी घेत नाही. माझी ती रचना मला इतकी आवडली होती, की तिच्यात पूर्वा नावाची नक्षत्रे तीन आहेत, हे पाठ असूनही मला कधी दिसले नाही.

राळेगावचे एक लिपिक निवृत्त झाले. त्यांचा देह पूर्वाफाल्गुनी. तो काढून टाकायचा होता. सकाळ सरत आली होती आणि कविता जनित्राच्या दुरुस्तीवाल्याबरोबर तळमजल्यावर गेली होती. एका रिकाम्या देहासाठी तिला जिने चढायला का लावावे, असा विचार मी केला. त्या विचाराला मी त्या वेळी सौजन्य समजलो होतो. आज्ञेत नाव पूर्ण लिहिण्याऐवजी पूर्वा एवढेच लिहून पुढे चांदणीची खूण केली. त्या खुणेचा अर्थ 'येथून पुढे काहीही चालेल' असा असतो. यंत्र अशा वेळी 'खात्री आहे ना?' असे विचारते. ते विचारू नये म्हणून एक शब्द जोडण्याची सोय आहे. तोही मी जोडला. इतक्या वर्षांनंतर मला कोण विचारणार?

यंत्राने आपल्या क्रमाने काम आरंभले. पहिली ओळ उमटली: पूर्वाषाढा, काढले. दुसरी ओळ: पूर्वाभाद्रपदा, बंद करीत आहे.

मी थांबवण्याच्या कळा दाबल्या. पूर्वाभाद्रपदा केवळ निजली, तिला काही झाले नाही. ज्या पूर्वाफाल्गुनीसाठी हे केले, ती जागची हललीही नाही. पूर्वाषाढा मात्र तिच्या स्मृतीसह गेली.

दूरध्वनी वाजला. पूर्वाषाढा शीलाताईंची होती. शीलाताई राळेगावच्या परिचारिका. सिकलसेलच्या तपासणीचे काम त्यांच्याकडे. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग ठणकते, माणूस खंगतो. वेळेवर कळले तर औषधाने बराच निभाव लागतो. शीलाताई तीन महिने पायी पोडापोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, हिंडून रक्ताचे नमुने घेत होत्या. दुसऱ्या दिवशी शिबिर होते, बाहेरून डॉक्टर येणार होते.

"शास्त्रीजी, माहा कम्प्युटर गेला न! काय करून राह्यले तुमी तिकडं? मी लिहून राह्यली होती."

"चूक माझ्याकडून झाली आहे, ताई. यादी कोठे ठेवली होती?"

"त्याच्यातच! दुसरीकडं कुठीसा ठेवन मी? उद्या शिबिर हाय बाप्पा!"

"कागदावर काही?"

"कागद फाडून टाकायचा, हा नियम कोनाचा हाय शास्त्रीजी?"

नियम माझा होता. रुग्णाचे नाव असलेला चिठोरा नोंद होताच नष्ट करावा, असे परिपत्रक मीच काढले होते आणि ते योग्यच होते. रक्ताचा निष्कर्ष प्रयोगशाळेच्या वहीत होता, पण तेथे नमुन्याचा क्रमांक तेवढा असे. कोणता क्रमांक कोणाचा, हे फक्त शीलाताईंच्या यादीत होते.

कविता दारात उभी होती. तिने पडद्यावरील दोन ओळी वाचल्या. "याडी ये!" आईला हाक मारावी तसे तिच्या तोंडून निघाले. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "शास्त्रीजी, एकले महागाव जुळवणी हाय."

राळेगावच्या देहांची एक प्रत आम्ही महागावला केवळ प्रतींसाठी ठेवलेल्या एका यंत्रात ठेवीत असू. रोज दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत तार मोकळी असताना, ती प्रत जुळवली जाई. येथे जे नवे असेल ते तेथे लिहायचे आणि येथे जे नसेल ते तेथूनही पुसायचे. एक वाजायला बारा मिनिटे होती. त्यानंतर पूर्वाषाढा कोठेच उरणार नव्हती.

मी कळफलकाकडे हात नेला. पहिलाच शब्द दोनदा चुकला.

"उठा तुमी," कविता म्हणाली. "त्या खुर्चीत बसा. मी लिहितो, तुमी ऐका."

इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी प्रथमच बसलो. तिने महागावच्या यंत्राला जुळवणी थांबवण्याची आज्ञा लिहिली आणि वाचली. मी बोट उचलले.

"ही आजची फेरी थांबवते. पण तार मध्येच तुटून पुन्हा जोडली गेली, तर राहिलेली फेरी यंत्र आपणहून पुरी करते. तीही वाट बंद केली पाहिजे. आधी ती."

"बरोबर. थांबा." तिने दुसरी आज्ञा लिहिली, वाचली. मी अर्थ सांगितला. तिने कळ दाबली. मग पहिली वाचली, मी अर्थ सांगितला, तिने कळ दाबली. महागावहून उत्तर आले: थांबले. तिने स्थिती पुन्हा विचारली. पुन्हा तेच उत्तर. एक वाजला आणि काहीही घडले नाही. काही न घडणे हीच आमच्या कामाची परमसिद्धी आहे; मात्र तिचा सोहळा कोणी करीत नाही.

महागावची प्रत आदल्या दिवशीच्या एकची होती. ती बारीक तारेतून यवतमाळला यायला संध्याकाळ होणार होती. तीन महिन्यांचे काम वाचले. गेले ते आदल्या दुपारपासूनचे. शीलाताईंनी तेवढ्या वेळात एका कोलाम पोडावरील अकरा नावे नोंदवली होती. कवितेला प्रतीवर बसवून मी राळेगावची एसटी धरली.

शीलाताईंनी मला पाणी दिले, पण चेहरा वळवूनच. मी हात जोडून म्हटले, "ताई, मी नियम मोडला आणि भोग तुमच्या वाट्याला आला."

"ते राहू द्या. हात जोडून नावं येत नाई परत. बसा."

कवितेने त्यांच्यासाठी एक कोरा देह उभा केला होता. मी लिहायला बसलो. शीलाताईंनी डोळे मिटले आणि पोडात शिरल्यासारख्या त्या बोलू लागल्या. "पयलं घर, मोहाच्या झाडाखालचं. म्हातारा अन् त्याची बायको. म्हाताऱ्याचं रक्त निघता निघेना, तो पयला नंबर. मंग बायको. मंग दुसरं घर, जिथं कुत्रं अंगावर आलं..." मी प्रत्येक नाव आणि क्रमांक लिहून वाचून दाखवी, त्या डोळे न उघडता म्हणत, "बरोबर." अशी नऊ नावे झाली. पाठांतर मी जन्मभर पाहिले आहे. त्या बाईचे घराघरांतून चालत जाणारे स्मरण त्यातल्या कोणत्याही पाठाहून उणे नव्हते.

दहाव्याला त्या थांबल्या.

"दोघी जावा होत्या. एका आंगणात. एकीचं घेतलं, लगेच दुसरीचं. पयले कोन, ते ध्यानात येऊन नाई राह्यलं."

"अंदाज?"

"अंदाजपंचे नाई लिहीत मी, शास्त्रीजी."

मी प्रयोगशाळेची वही उघडली. त्या दोन क्रमांकांपैकी आधीच्यासमोर आजार असल्याची नोंद होती. नंतरचा निर्दोष होता.

"शिबिरात पुन्हा तपासता येईल," मी म्हणालो.

"यादीत नाव असंन तं उद्याची गाडी त्याईले आणाले जाईन. नाई तं त्या घरी बसतीन, अन् कापूस वेचाले लागल्या का पुन्हा हाती लागत नाई." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "चला पोडावर."

न्यासाच्या जीपने आम्ही निघालो. उन्हे उतरली होती. दोघी जावा अंगणात तुरीच्या काड्यांची मोळी बांधीत होत्या. त्यांची नावे मी येथे लिहीत नाही. थोरली आणि धाकटी एवढेच पुरे. शीलाताई उंबऱ्यावर टेकल्या आणि सहज बोलावे तशा म्हणाल्या,

"काय वं, काल सुई पयले कोनाले टोचली होती? मी भुलली."

धाकटी मोळी टाकून हसत सुटली. "माह्या हाताले! हे तं पदर तोंडात कोंबून माहा खांदा धरून उभी होती."

"मी कायले भेतो?" थोरली म्हणाली. "मीच गेलती पयले."

"तू? सांग न सिस्टरले, डोळे मिटून बसली होती का नाई! मी म्हटलं, पयले माहं घ्या, म्हणजे इले दिसंन का मरत नाई म्हणून."

"हो वं, लय शूर तू!" थोरलीने तिच्या पाठीत हलकी चापट मारली आणि तीही हसू लागली. म्हणजे तिने कबूल केले.

त्या हसत होत्या आणि कोणत्या उत्तराचा काय अर्थ आहे, हे त्या अंगणात आम्हा दोघांनाच ठाऊक होते. मी मोळीकडे पाहत राहिलो. शीलाताईंच्या मुद्रेत रेघही हलली नाही. "बरं," त्या उठत म्हणाल्या, "उद्या गाडी येईन. दोघी बी या. लेकरं बी आणा, खाऊ हाय."

रुग्णालयात परतलो तेव्हा कवितेचा निरोप आला होता: पूर्वाषाढा परत आली. अकरा नावे आम्ही तिच्यात चढवली. दहावे नाव मी वाचले तेव्हा शीलाताईंनी थोडे थांबून "बरोबर" म्हटले. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा असं करू नका जी." रागावून म्हणाल्या असत्या, तर मला सोपे गेले असते.

पुढे मी महिनाभरात सारी नक्षत्रे उतरवून राळेगावला क्रमांक दिले. ती आज्ञा कवितेने लिहिली. कार्यभार सोपवताना मी तिला एवढेच सांगितले की खोलीत खुर्च्या दोनच राहू द्याव्यात.

शिबिराला मी थांबलो होतो. कामाचे कारण नव्हते. निघून जाववत नव्हते. यादीतून एकेक नाव पुकारले जाई आणि बाकावरून एकेक माणूस उठे. कोणीही 'हे नाव माझे नाही' म्हटले नाही. माझ्या साऱ्या सेवाकाळातील यशाचे माप मागाल, तर मी ती दुपार दाखवीन.

दहाव्या नावाला धाकटी उठली. तिचे रक्त पुन्हा तपासले. निष्कर्ष तोच आला. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सावकाश समजावले: अंग का दुखत असे, गोळी रोज का घ्यायची, पाणी किती प्यायचे. ती रडली नाही. पायाच्या अंगठ्याकडे पाहत सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "हे लेकराईत उतरते का जी?"

"उतरू शकतं. म्हणून त्यांचंही तपासायला हवं."

तिने मागे वळून दाराबाहेर हाक मारली. "ये वं, घेऊन ये त्याईले आत."

थोरली जाऊ दोन्ही पोरांना दोन हातांनी धरून आत आली. टेबलाशी पोचल्यावर तिने आधी आपलाच हात पुढे केला आणि शीलाताईंना म्हणाली, "पयले माहं पुन्हा घ्या. याईले दिसू द्या."